संशय मुळ्यावर

९ नोव्हेंबर

दुधी. काल दुधी, आज दुधी. परवा दोडका होता, पण दोडका म्हणजे दुधीचाच चुलतभाऊ. त्याला मी वेगळी भाजी धरत नाही.

एसटीत ड्रायव्हर होतो तोवर रोज डेपोत गाडीचा रिपोर्ट लिहायचो. ब्रेक लूज, क्लच जड, हॉर्न बंद. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेना म्हणून ही डायरी. आजचा रिपोर्ट: ताटात तेल नाही, तिखट नाही, जीव नाही.

कारण आमची सून, सानिया. पोरगी सोन्यासारखी. मंचरची, बीएस्सी झालेली. गेल्या वर्षी तिला अशक्तपणा आला म्हणून दवाखान्यात ठेवली होती. घरी आली ती सेंद्रियचं खूळ डोक्यात घेऊनच. फवारणीचं खायचं नाही, पाकिटातलं खायचं नाही, बेकरीचं तर नावच काढायचं नाही. पुढे त्याचा धंदाच झाला, ‘हिरवी टोपली’. डिंगोऱ्याची भाजी, घाटघरचा तांदूळ आणि नाचणी, जुन्नर-नारायणगाव-मंचरच्या गिऱ्हाइकांना घरपोच. आमचा मोहसीन मोटार रिवाइंडिंगचं दुकान बघतो, त्यामुळे टेम्पोवर मी. बिनपगारी, जेवणावर. आणि जेवण म्हणजे दुधी.

सिताराला म्हटलं, “अगं, रविवारी तरी मटण टाक. खोबरं-खसखस भाजून, वर बोटभर तर्री.”

“पोरगी एवढं मनापासून करतीय,” ती म्हणाली, “तुम्हाला थोडे दिवस जीभ आवरत नाही?”

एवढ्या वर्षांचा संसार आणि बायको दुधीच्या पार्टीत गेली.

१३ नोव्हेंबर

डिंगोऱ्याला रामनाथच्या मळ्यात भाजी भरायला गेलो. सानिया बरोबर होती. आमची भाजी पिकवणारा हाच रामनाथ. त्याच्या बांधापलीकडे भावकीचा टोमॅटो, आणि तिथं फवारा जोरात चालला होता.

मी विचारलं, “रामनाथ, तुझा मळा सेंद्रिय. पण वारा तिकडून इकडं आला, तर बांध बघून थांबतो का?”

“मधी तूर लावलीय ना चाचा. ती आडवती.”

“तूर आहे का पोलीस?”

रामनाथ हसला. सानिया नुसती टोमॅटोकडं बघत राहिली. विनोद तिला कळला नसावा.

मग कोबीत अळी निघाली. रामनाथला कोण आनंद! “बघा चाचा, अळी! म्हंजी माल प्युअर!” आमच्या आईला कोबीत अळी दिसली की ती भाजीवाल्याच्या सात पिढ्या काढायची. आता अळीच सर्टिफिकेट झाली.

एक मात्र खरं, मुळे देखणे होते. पांढरेशुभ्र, मनगटाएवढे. सानियानं तिथंच एक धुतला आणि कचाकचा खाल्ला. मग दुसरा. असं खाताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

१७ नोव्हेंबर

सानिया सकाळी ओकली.

१८ नोव्हेंबर

पुन्हा.

२० नोव्हेंबर

पुन्हा. आता मला शंका नाही. सिताराला बाजूला घेऊन सांगितलं, “हे त्या मुळ्याचं काम आहे. त्या शेणखतात काय काय असतं कुणाला ठाऊक. एवढी वर्षं आपण बाजारचा मुळा खाल्ला, कुणी ओकलं?”

सितारानं तोंडावर ओढणी दाबली आणि गदगदत आत गेली. बिचारीला रडू आवरलं नाही.

२३ नोव्हेंबर

आज जगलो.

टोपल्या द्यायला मंचरला गेलो होतो. येताना टेम्पो आपोआप महाळुंगे पडवळला वळला. चांगदेव तिथं राहतो. माझ्या गाडीवर तो कंडक्टर, मी ड्रायव्हर, अशी आमची जोडी होती. मी अजून त्याला मास्तर म्हणतो, तो मला ड्रायव्हर.

भागूवहिनींनी मासवडी केली होती. काय सांगू! शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापलेलं, आत तीळ, खोबरं, लसूण, कोथिंबीर ठासून भरलेली. वडी कापली की आतलं सारण असं डोळे वटारून बघतं. त्यावर काळ्या मसाल्याचा रस्सा, आणि रश्श्यावर तर्री अशी की त्यात स्वतःचं तोंड दिसावं. बाजरीची भाकरी चुरली, रस्सा ओतला, कांदा बुक्कीनं फोडला. पहिल्या घासाला कानातून वाफ, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी, तिसऱ्याला सगळे गुन्हे माफ.

“ड्रायव्हर,” मास्तर म्हणाला, “ही मासवडी सेंद्रिय हाय का, असं इचारशील तर सिंगल बेल मारून खाली उतरवीन.”

“मास्तर, मला वाढ. ती प्लास्टिकची असली तरी खाईन.”

हात धुताना मी सानियाचं सांगितलं. मास्तरचंही मत पडलं, मुळाच. भागूवहिनी मात्र चुलीकडून म्हणाल्या, “आंबट मागती का ओ?”

“मागते की! चिंच नुसती चोखते. पित्तावर चिंच! आता बोला.”

वहिनी उठल्या. तिळाच्या लाडवांचा डबा भरून दिला आणि म्हणाल्या, “हे तिला द्या. तुमी वाटेत खाऊ न्हका.”

दोनच खाल्ले.

२७ नोव्हेंबर

घाटघर. नाणेघाटाकडचा तो वारा, आणि नव्या तांदळाचा वास. गेणू आणि सोनीबाई आमच्यासाठी भात आणि नाचणी पिकवतात. सानिया त्यांना समजावत होती, “मामा, तुमच्या नाचणीला मोठ्या शहरात केवढी मागणी आहे, माहितीय?”

गेणू म्हणाला, “आसंल की. आमी जन्मभर खाल्ली. पावणं, तेवढी जुन्नरची खारी आणली का?”

मी सीटखालून पुडा काढला. जुन्नरच्या बेकरीची खारी, पापुद्र्यापापुद्र्यातून तूप. म्हणजे डालडा. गेणूनं चहात बुडवून डोळे मिटले. मीही मिटले. सानियानं बघून न बघितल्यासारखं केलं.

सोनीबाईनं तिला पोत्याला हात लावू दिला नाही. घोंगडी अंथरून बसवलं, कोकमाचं पाणी दिलं आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. डोंगरातली माणसं पाहुण्यांचं लई करतात.

२९ नोव्हेंबर

सितारा म्हणते, गतिरोधकावर टेम्पो हळू घ्या.

“का?”

“भाजी दबते.”

मी अंड्यांचे ट्रे घेऊन माळशेज घाट उतरलेला माणूस! मला गतिरोधक शिकवते!

२ डिसेंबर

आज मी स्वतःवर प्रयोग केला. तीन मुळे खाल्ले, कच्चे. उलटी नाही. ढेकर मात्र असे आले की मोहसीन उठून दुसऱ्या खोलीत गेला.

म्हणजे मुळा तरण्या माणसाला बाधतो, जुन्या इंजिनाला नाही. घरात कुणाला काळजीच नाही. पोरगी लसणाच्या फोडणीनं पळते, दुपारी झोपते, चेहरा उतरलाय, आणि मोहसीन शीळ घालत फिरतोय! बायको आजारी असताना शीळ घालणारा नवरा मी पाहिला नव्हता.

मास्तरला सगळं बोलून पाठवलं. मोबाइलवर लांब मेसेज रेकॉर्ड केला. मन हलकं झालं.

३ डिसेंबर, सकाळ

घोटाळा झालाय. मेसेज मास्तरला गेलाच नाही. ‘हिरवी टोपली’च्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर गेला. दोन्हीकडं हिरवं चित्र आहे, मास्तरनं पोपटाचा फोटो लावलाय.

मी जे बोललो ते असं: “मास्तर, ऐक. आमची सानिया रोज सकाळी ओकते. डिंगोऱ्याचा मुळा खाल्ल्यापासून. चिंच चोखते, दुपारी झोपते, फोडणीचा वास सहन होत नाही. हे सगळं त्या सेंद्रियमुळं. असला मुळा दुश्मनाच्या घरी जाऊ नये.”

धंदा बुडाला असं वाटून मी डोकं धरून बसलो. मग ग्रुप उघडला, तर शाळेतल्या बाईंचं पहिलं उत्तर, “काका, अभिनंदन!” बँकेतल्या मॅडमनी पेढ्याचं चित्र टाकलंय. औषधाच्या दुकानवाल्यानं लिहिलंय, “गोड बातमी! पार्टी पाहिजे.” आणि नारायणगावच्या एका आजींनी, “आमच्या सुनेसाठी हाच मुळा पाठवा. चार जुड्या.”

लोक वेडे झालेत का? एका बाईला रोज उलट्या होतात आणि हे पेढे मागतात!

रामनाथचा फोन आला. “चाचा, सगळा मुळा संपला! काय जाहिरात केली राव तुमी!”

३ डिसेंबर, दुपार

सानिया खोलीचं दार लावून रडतेय. मंचरहून तिच्या आईचा फोन आला होता.

सितारानं मला स्वयंपाकघरात बसवलं. आज ती हसत नव्हती.

“अहो, तुम्ही आजोबा होणार आहात. आख्ख्या जुन्नरला कळलं, मंचरला कळलं. एक तुम्ही राहिलात.”

मी खाली बसलेलाच होतो, नाहीतर बसलो असतो. मग तोंडातून भलतंच निघालं, “मग मुळा?”

“मुळ्याचं काही नाही हो. मोहसीनच्या वेळी मी माहेरी होते आणि तुम्ही वस्तीच्या गाडीवर. तुम्हाला काय कळणार?”

“पण मला सांगितलं का नाही?”

“तुमच्या पोटात मटण राहतं, गोष्ट राहत नाही.” मग तिचा आवाज खाली आला. “गेल्या वर्षी अशक्तपणा नव्हता. तेव्हाही दिवस होते. राहिलं नाही. म्हणून तिसरा महिना सरेपर्यंत कुणालाच सांगायचं नव्हतं तिला. स्वतःच्या आईलासुद्धा नाही.”

आनंदानं उड्या माराव्यात की तोंड लपवावं, कळेना. दोन्ही एकदम करता येत नाही.

५ डिसेंबर

दाराबाहेरून म्हटलं, “बेटी, चुकलं माझं.” आतून आवाज आला, “असू द्या अब्बा.” पण जेवताना समोर आली नाही. मोहसीन माझ्याशी बोलत नाही. मी दुधी मागून घेतला आणि निमूट खाल्ला. सितारा म्हणाली, नाटकं करू नका.

९ डिसेंबर

सानिया आज टेम्पोत येऊन बसली. आपणहून. मी गाडी अशी चालवली, जशी पाण्यानं काठोकाठ भरलेली परात डोक्यावर आहे.

डिंगोऱ्याहून येताना म्हणाली, “अब्बा, थोडं थांबा ना.” चिंचेखाली गाडी लावली.

“तुम्ही रामनाथदादांना म्हणालात ना, वारा बांध बघून थांबतो का. तेव्हापासून झोप नाही मला. म्हणजे आपण कितीही जपलं तरी ते पोटात जाणारच ना?”

मी हसवायला बोललो होतो. ती ते घेऊन झोपत होती, उठत होती.

“गेल्या वर्षी,” ती बाहेर बघत म्हणाली, “त्या दिवसांत मी टोमॅटो लई खाल्ले. बाजारातून येतायेताच. पुसायचे, मीठ लावायचं, खायचे. इतके आवडायचे. नंतर कुणीतरी व्हिडिओ पाठवला, फवारणीचा. माझ्यामुळेच गेलं का हो ते?”

वर्षभर मी या पोरीशी सेंद्रियवरून वाद घातला. गंमत म्हणून, जिभेसाठी. आज पहिल्यांदा मला तो वाद जिंकायचा होता.

“बेटी, टोमॅटोच्या हंगामात मी नारायणगावची गाडी चालवलीय. बायका क्रेटवर बसून यायच्या. पोटुशा असायच्या, आणि हातात टोमॅटो. रस हनुवटीवरून ओघळायचा. त्यांची पोरं पुढं माझ्याच गाडीतून कॉलेजला गेली, आणि सुट्ट्या पैशांवरून मास्तरशी भांडली. टोमॅटोत एवढी ताकद असती तर आख्खा तालुका ओस पडला असता.”

तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“पण मी ड्रायव्हर. डॉक्टरांना विचारलंस का?”

“भीती वाटते. त्या हो म्हणाल्या तर?”

“मी येतो बरोबर. हो म्हणाल्या तर त्यांच्याशीही वाद घालीन.”

११ डिसेंबर

गेलो. मोहसीनही दुकान बंद करून आला. मला आत घेतलं नाही, पण दार पातळ होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुम्ही काय खाल्लं, काय उचललं, कशानं काही झालं नाही. कितीतरी जणींचं पहिल्या महिन्यांत असं होतं. बहुतेक वेळा गर्भच मुळात नीट धरलेला नसतो. त्यात आईचा दोष नसतो. भाजी धुऊन घ्या, पोटभर जेवा, आवडीचं खा. आणि स्वतःला बोल लावणं तेवढं बंद करा.”

सानिया बाहेर आली, बाकावर बसली आणि रडली. त्या दिवशी दार लावून रडली ते रडणं वेगळं होतं. हे म्हणजे खूप वेळ तुंबलेली मोरी एकदम मोकळी व्हावी तसं. मोहसीननं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग तिनं नाक पुसलं, मान वर केली, वास घेतला. पलीकडच्या गाड्यावर घाणा पडला होता.

“अब्बा,” ती म्हणाली, “कांदाभजी.”

सुभानल्लाह!

मी रस्ता असा ओलांडला की मागून कुणीतरी हॉर्न मारला. भजीवाल्याला म्हटलं, ताजं तेल, नवा घाणा, कडक कर. तळलेली मिरची घेतली, वर मीठ भुरभुरलं. कागदावर तेलाचे चंद्र उमटले. पहिलं भजं तिनं दोन बोटांत धरलं आणि बघत राहिली, जसं कुणी लांबून आलेलं माणूस बघावं. मग खाल्लं. कुर्रर्र! मग दुसरं. मग मोहसीनच्या हातातलं. मग माझ्या.

“मिरची नको खाऊस,” मोहसीन म्हणाला.

“गप रे,” ती म्हणाली आणि मिरची खाल्ली.

तिघांची बोटं चकाकत होती. घरी सितारानं वास ओळखला आणि विचारलं, “माझी कुठायत?” पुन्हा गेलो.

१५ जानेवारी

उलट्या थांबल्या. तिसरा महिना सरला. आता सगळ्यांना सांगायचं ठरलं, पण सांगायला कुणी शिल्लकच नाही.

सानियानं टोपलीचा नवा कागद छापलाय. जुन्यावर ‘विषमुक्त’ असं ठळक होतं. ते गेलं. आता नुसतं ‘ताजं, चवीचं, ओळखीच्या मळ्यातलं’. मी विचारलं, “का गं?”

“ते वाचून माझ्यासारखीच कुणीतरी घाबरत असेल, अब्बा.”

रामनाथ जरा नाराज होता, पण मुळ्याची मागणी अजून उतरलेली नाही, म्हणून गप्प आहे.

आणि माझी सूचना मंजूर झाली. दर शनिवारी ‘लाडाची टोपली’. भागूवहिनींची मासवडी, तिळाचे लाडू, बेकरीची नानखटाई. मास्तर स्वतः पोचवतो आणि प्रत्येक दारात तोंडानं डबल बेल देतो. नानखटाई बरोबर जमते का, हे चाखून पाहण्याची जबाबदारी माझ्याकडं. जबाबदारीचं काम आहे, पँट ढिली करून घ्यावी लागली.

३१ मार्च

ईद मुबारक, राजमहंमद ड्रायव्हर! कालपर्यंतचे रोजे आज एका दिवसात वसूल.

सकाळी शीरखुर्मा. शेवया तुपात लालसर, दूध आटून दाट, खारीक, काजू, चारोळी. पहिली वाटी अल्लाहचं नाव घेऊन, दुसरी सिताराचं, तिसरी कुणाचंच नाही, नुसतीच. दुपारी गेणू आणि सोनीबाई घाटघरहून आले, तांदूळ घेऊन. सिताराला काय वाटलं कोण जाणे, त्याचीच बिर्याणी लावली. आता या चिकट इंद्रायणीची कुठं बिर्याणी होते? गिचका झाला. पण काय गिचका! मटणाचा सगळा रस त्या तांदळानं पिऊन टाकलेला, प्रत्येक घास मऊ, सुगंधी, बोटं चाटावीत असा.

मी कबूल केलं, “हा तांदूळ बाजारच्या तांदळाला हार जाणार नाही.”

“म्हणजे सेंद्रिय चांगलं?” सानियानं पकडलं.

“सेंद्रियचं मला माहीत नाही. घाटघरचं चांगलं.”

गेणू तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, “आमी हा तांदूळ नुसता मिठासंगट खात व्हतो. येडं व्हतो राव!”

सानिया भिंतीला टेकून बसली होती. ताट पोटावर ठेवलेलं, आता चांगलं टेबलासारखं झालंय ते. अचानक ताट हललं. सगळ्यांनी पाहिलं. सोनीबाई म्हणाली, “आत बी वाढा म्हनतंय.”

८ जुलै

मुलगी!

पहाटेपासून दवाखान्याच्या बाहेर मी, मोहसीन, मास्तर. भागूवहिनींनी डबा दिला होता, पण काय आश्चर्य, माझ्या घशाखाली घास उतरेना. मास्तर घाबरला. म्हणाला, “ड्रायव्हर, तू जेवत न्हाईस म्हंजी तुलाच आत दाखवाया पायजे.”

मग दार उघडलं आणि सितारानं बाळ माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हातांनी धरलं. एवढ्या गाड्या चालवल्या, पण स्टिअरिंग असं कधी वाटलं नाही.

घरातला थोरला म्हणून पहिला गोड घास मी लावायचा. खजूर मऊ करून ठेवला होता. डॉक्टरबाईंना विचारून, हात धुऊन, मोहरीएवढा कण बोटाच्या टोकावर घेतला आणि टाळूला लावला. आधी काहीच नाही. डोळे घट्ट मिटलेले. मग गाल हलले. मग ओठ. चप, चप. मग इवलीशी जीभ बाहेर आली, डावीकडं फिरली, उजवीकडं फिरली, अजून कुठं काही आहे का शोधत.

खाटेवरून सानियाचा थकलेला आवाज आला, “अब्बा, खजूर सेंद्रिय आहे ना?”

मी गडबडलो. पाकीट खिशात, चष्मा मास्तरकडं. सिताराकडं बघतो, मोहसीनकडं बघतो. तेवढ्यात सानिया हसायला लागली. टाके दुखतात म्हणून पोट धरलं, आणि धरून पुन्हा हसली.

“नाक मोहसीनचं आहे,” सितारा वाकून म्हणाली.

“नाकाचं कोण बोलतंय?” मी म्हटलं. “ती जीभ बघ.”